म्हणे, खेळ सीमा पुसतो!

गेल्या डिसेंबरात आमच्या भागातील शालेय क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभाला एक प्रमुख पाहुणे आले होते. मोठ्या शहरातले, बोलण्यात वाकबगार, हातात कागदाचा चिटोराही नाही. ऐन रंगात आल्यावर त्यांनी आयर्लंडचे उदाहरण काढले. "त्या देशाचे दोन तुकडे झाले, तीस वर्षे तिथे बॉम्ब फुटत राहिले, पण रग्बीचा संघ मात्र एकच राहिला. का? कारण मैदानात उतरताना ते लोक सीमा विसरले! तुम्हीही विसरा. खेळात राजकारण आणू नका." मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापकाने पाहुण्यांच्या भाषणाला टाळ्या न देणे हे आमच्या नोकरीत जवळजवळ गैरवर्तन समजले जाते.

पण घरी आल्यावर झोप लागेना. रसिक वाचकहो, आम्हां सीमाभागातल्या माणसांना 'विसरा' हा उपदेश काही नवा नाही. गंमत एवढीच, की तो करणारा मनुष्य नेहमी असा असतो, की ज्याच्याजवळ विसरण्यासारखे काही नसते. तो दुपारच्या गाडीने येतो, रात्रीच्या गाडीने जातो. एरवी मी हे भाषणही पोटात घातले असते. परंतु आयर्लंडचे नाव घेतले आणि तिथेच घोटाळा झाला. एम.ए.ला माझा विषय इतिहास. 'होमरूल' हा शब्द आपण आयर्लंडकडून उसना घेतला, आणि लोकमान्यांनी १९१६ साली आपली होमरूल लीग स्थापन केली ती बेळगावात. त्या देशावर आम्हां मंडळींचा थोडा जुना लोभ आहे. त्यातून रग्बी हे माझे व्यसन. त्यामुळे पाहुण्यांचे विधान मला नुसते चुकीचे वाटले नाही, ते नेमके उलटे वाटले. आयर्लंडचा रग्बी संघ सीमा विसरल्यामुळे टिकला नाही. सीमेची आठवण ठेवून, झेंडा, गीत, मैदान अशा एकेका गोष्टीवर भांडून, घासाघीस करून, तो टिकवला गेला. आज मला एवढेच सांगायचे आहे, आणि ते जरा चढ्या आवाजात सांगायचे आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका बाजूला पंधरा गडी, चेंडू लंबगोल, तो हातात घेऊन पळायचे आणि प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवायचा. पण चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. द्यायचा तर मागच्या किंवा बरोबरीच्या गड्याला. दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोकी भिडवून रेटारेटी करतात, त्याला स्क्रम म्हणतात. आपल्या कबड्डीतली साखळी आठवा आणि तिच्यात शंभर-शंभर किलोची माणसे घाला, म्हणजे झाले.

आता इतिहास. डब्लिनमध्ये १८७४ साली रग्बीची एक संघटना निघाली, उत्तरेतल्या बेलफास्टने आपली निराळी काढली. दोघींनी मिळून १८७५ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला, तेव्हा एका बाजूला वीस खेळाडू असत, आणि ते हरले. १८७९ मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या. देश तुटला १९२१ साली. म्हणजे फाळणी झाली तेव्हा हे घर बेचाळीस वर्षांचे जुने होते. त्याच साली फुटबॉलचे घर मोडले. डब्लिनवाल्यांनी बेलफास्टपासून वेगळी चूल मांडली, आणि पुढे कित्येक वर्षे दोन्ही संघटना 'आयर्लंड' याच नावाने संघ उतरवीत राहिल्या. काही खेळाडू तर दोन्ही आयर्लंडांकडून खेळले! रग्बीचे घर मात्र मोडले नाही. अल्स्टर प्रांतात नऊ परगणे. त्यांतले सहा उत्तर आयर्लंड म्हणून ब्रिटनकडे राहिले, तीन दक्षिणेच्या नव्या राज्यात गेले. रग्बीच्या नकाशावर अल्स्टर नऊ परगण्यांचेच राहिले, आणि लेन्स्टर, मन्स्टर, कॉनॉट यांच्या पंगतीत बसत राहिले.

हे का घडले? पाहुणे म्हणतील, खिलाडूवृत्ती. मी म्हणतो, आधी वर्ग पाहा. उत्तरेत हा खेळ मुख्यतः प्रॉटेस्टंट मुलांच्या शाळांतला. दक्षिणेत, लिमरिकसारखे शहर सोडले तर, तोही चांगल्या शाळांतल्या, डॉक्टर, वकील, बँकवाले होणाऱ्या मुलांचा. उत्तरेतला गरीब कॅथलिक मुलगा बहुधा गेलिक फुटबॉल खेळे. तेव्हा ज्या ऐक्याचे आपण गोडवे गातो त्यात उत्तरेतला जो सर्वांत दुखावलेला माणूस होता, तो जवळपास नव्हताच. ही गोष्ट भाषणात येत नाही, कारण ती आली की टाळ्या कमी पडतात.

परंतु एवढ्याने सारे सांगून होत नाही. सुशिक्षितांची घरेही मोडतात, किंबहुना जास्त सफाईने मोडतात. खरा प्रश्न फाळणीनंतर लगेच उभा राहिला: संघावर झेंडा कोणाचा? दक्षिणेचा तिरंगा उत्तरेच्या खेळाडूला आपला वाटत नव्हता; ब्रिटिश झेंडा दक्षिणेला नकोसा. १९२५ साली संघटनेने आपला स्वतःचा झेंडा शिवून घेतला, त्यावर चारही प्रांतांची चिन्हे. तेवढ्याने दक्षिणेचे समाधान होईना. स्वतंत्र राज्याच्या राजधानीत सामना आणि राज्याचा झेंडा नाही? वाद वाढला. १९३२ मध्ये ठरले, की डब्लिनच्या लॅन्सडाउन रोड मैदानावर दोन्ही झेंडे लागतील. आता मला सांगा, ज्यांनी सीमा विसरली ते सात वर्षे झेंड्यावर कशाला भांडतील?

१९४८ साल पाहुण्यांना फार आवडले असते. पाच देशांच्या स्पर्धेतले चारही सामने जिंकण्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. तो आयर्लंडने प्रथमच मिळवला, आणि वेल्सविरुद्धचा निर्णायक सामना झाला तो बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर, १३ मार्चला, ६ विरुद्ध ३. कर्णधार कार्ल मलेन दक्षिणेचा, संघाचा प्राण जॅक काइल बेलफास्टचा. जॅक डॅली नावाच्या गड्याने विजयी गुण मिळवले तेव्हा लोकांनी त्याच्या अंगावरची जर्सी फाडून आठवण म्हणून तुकडे घरी नेले. काइल हा विलक्षण मनुष्य. शेजारून वाऱ्यासारखा निघून जाई म्हणतात. पुढे तो शल्यचिकित्सक झाला आणि आफ्रिकेत झांबियातल्या चिंगोला गावी तीसहून अधिक वर्षे रुग्णांची सेवा करीत राहिला. दुसरा ग्रँड स्लॅम मिळायला आयर्लंडला २००९ साल उजाडावे लागले, एकसष्ट वर्षांनी. तेव्हा ८३ वर्षांचा काइल कार्डिफच्या मैदानात हजर होता. चित्र कसे गोजिरवाणे आहे! इथेच थांबले, तर पाहुण्यांचे भाषण खरे ठरते.

पण सहाच वर्षांनी, २७ फेब्रुवारी १९५४ रोजी, त्याच रेव्हनहिलवर स्कॉटलंडशी सामना होता. बेलफास्टला सामना म्हणजे सुरुवातीला ब्रिटनच्या राणीचे गीत, आणि सर्व खेळाडूंनी ताठ उभे राहायचे. संघात दक्षिणेचे अकरा खेळाडू होते. ते म्हणाले, आम्ही उभे राहणार नाही. कर्णधार जिम मॅकार्थी त्यांच्यातलाच. संघटनेच्या पदाधिकाऱ्यांची पाचावर धारण बसली. शेवटी तोड निघाली: गीताची आखूड धून वाजेल, खेळाडू त्यानंतर मैदानात येतील, आणि पुन्हा कधी आयर्लंडच्या संघाला बेलफास्टमध्ये या गीतासाठी उभे राहण्यास सांगितले जाणार नाही. सामना झाला, आयर्लंड जिंकले. आणि पुढे त्रेपन्न वर्षे बेलफास्टमध्ये आयर्लंडच्या मुख्य संघाचा एकही सामना झाला नाही. लॅन्सडाउन रोड मोठे होते, पैसा तिथे अधिक मिळे, हेही कारण होते. पण हिशेबाच्या वहीत न लिहिलेले कारण सर्वांना माहीत होते.

या अकरा जणांना काय म्हणायचे? पाहुण्यांच्या व्याख्येप्रमाणे यांनी खेळात राजकारण आणले. मी विचारतो, गीत वाजवणे हे राजकारण नव्हते, आणि उभे न राहणे तेवढे राजकारण? ज्याचे गीत वाजते त्याला ते हवेसारखे वाटते, असते पण जाणवत नाही. ज्याचे नसते त्याचा श्वास कोंडतो, आणि तो खोकला की लोक म्हणतात, याने शांतताभंग केला. जगातल्या प्रत्येक सीमेवर ही एकच तक्रार निरनिराळ्या भाषांतून ऐकू येते.

मात्र त्या अकरा जणांनी आणखी एक गोष्ट केली, तीही नोंदवली पाहिजे. ते खेळले. उत्तरेच्या चौघांबरोबर, त्याच स्क्रममध्ये, त्यांच्याच खांद्यावर हात टाकून. हक्काची गोष्ट मागून घेतली आणि मग घर सोडून गेले नाहीत. आमच्याकडे या दोन गोष्टी एकाच माणसात सहसा आढळत नाहीत. मागणारा निघून जातो, राहणारा गप्प बसतो.

१९७२ साली तर परीक्षाच झाली. ३० जानेवारीला डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निःशस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा माणसे त्याच दिवशी गेली, चौदावे पुढे गेले. तीन दिवसांनी डब्लिनमधली ब्रिटिश वकिलात जळाली. आयर्लंडने त्या मोसमात पॅरिस आणि लंडन दोन्ही जिंकले होते. घरचे दोन सामने राहिले होते. स्कॉटलंड आणि वेल्स डब्लिनला आलेच नाहीत. स्पर्धा अर्धवट राहिली, आणि हाताशी आलेला ग्रँड स्लॅम गेला. पुढल्या वर्षी, १० फेब्रुवारी १९७३ रोजी, इंग्लंडचा संघ आला. ज्यांच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या त्या देशाचा संघ! लॅन्सडाउन रोडवर तो मैदानात उतरला तेव्हा आयरिश प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्या थांबेचनात. आयर्लंडने मग त्यांना १८ विरुद्ध ९ असे झोडपून काढले. रात्रीच्या भोजनात इंग्लंडचा कर्णधार जॉन पुलिन म्हणाला, "आम्ही काही फारसे चांगले नसू, पण निदान येतो तरी!" रग्बीच्या इतिहासात याहून गाजलेले भाषण नाही, आणि ते एका वाक्याचे आहे, हे आमच्या प्रमुख पाहुण्यांनी लक्षात घ्यावे. टाळ्या वाजवणारे डेरी विसरले होते काय? मुळीच नाही. विसरले असते तर त्या टाळ्यांना किंमतच उरली नसती.

आता १९८५ चा संघ पाहा. स्क्रमच्या पहिल्या रांगेत तिघे असतात, मधल्याचे दोन्ही हात बाजूच्या दोघांच्या खांद्यांवर. मध्ये कर्णधार किअरन फिट्झजेराल्ड: आयर्लंडच्या लष्करातला अधिकारी. एका बाजूला फिल ऑर. दुसऱ्या बाजूला जिमी मॅकॉय: उत्तर आयर्लंडच्या पोलीस दलातला शिपाईगडी. त्या काळी त्या दलातली माणसे दर महिन्याला मारली जात होती, आणि दक्षिणेत त्या दलाविषयी प्रेम फारसे नव्हते. बाजूने धावणारा ट्रेव्हर रिंगलंड त्याच दलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. मागे नायजेल कार, बेलफास्टचा. या संघाने इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स तिघांना हरवून ट्रिपल क्राउन मिळवला. ही माणसे खांद्याला खांदा लावताना कोण कुठला हे विसरत असतील, हे ज्याला खरे वाटते त्याने संरक्षणाखाली प्रवास करून सरावाला जाऊन पाहावे.

आणि नायजेल कारचे काय झाले? २५ एप्रिल १९८७. पहिला विश्वचषक महिन्यावर आला होता. कार, डेव्हिड आयर्विन आणि फिलिप रेनी हे अल्स्टरचे तिघे एका मोटारीतून डब्लिनला सरावासाठी निघाले होते. सीमेजवळ किलीन येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या मोटारीत बॉम्ब होता. तो यांच्यासाठी नव्हता. समोरून येणाऱ्या न्यायमूर्ती गिब्सन यांच्यासाठी होता. न्यायमूर्ती आणि त्यांच्या पत्नी जागीच गेल्या. स्फोटाचा तडाखा या तिघांच्या मोटारीलाही बसला. मोटार चालवणारा आयर्विन स्वतः डॉक्टर. त्याने कारला ओढून बाहेर काढले. कार वाचला, पण रग्बी संपले. ऐन भरातला खेळाडू, आयर्लंडच्या जर्सीसाठी सीमा ओलांडताना जायबंदी झाला, आणि ज्यांनी बॉम्ब ठेवला ते स्वतःला आयर्लंडचेच सैनिक म्हणवीत होते.

पाहुणे महाराज, या माणसाला जाऊन सांगा, की खेळाने सीमा पुसते.

पुढचा भाग ऐकाल तर हसावे की रडावे कळणार नाही. त्या विश्वचषकात प्रत्येक संघाचे राष्ट्रगीत वाजणार होते. आयर्लंडचे कोणते वाजवायचे? दक्षिणेचे वाजवावे, तर ते सैनिकांचे गीत. अल्स्टरच्या ज्या पोरांचा सोबती नुकताच बॉम्बने लोळवला त्यांना त्यासाठी उभे कसे करायचे? शेवटी न्यूझीलंडमध्ये वेल्सविरुद्धच्या सामन्याआधी 'रोझ ऑफ ट्रली' या जुन्या प्रेमगीताची ध्वनिफीत लावण्यात आली. लग्नाच्या वरातीत चुकीची पट्टी वाजावी तशी गत! सारे जग हसले. मला मात्र त्या ध्वनिफितीत काही हास्यास्पद वाटत नाही. घाईने, गडबडीने का होईना, कोणीतरी विचार केला होता, की उद्या उभ्या राहणाऱ्या पंधरा जणांपैकी कोणाची मान खाली जाईल.

यातूनच पुढे १९९५ च्या विश्वचषकासाठी डेरीच्याच फिल कोल्टर या संगीतकाराकडून 'आयर्लंड्स कॉल' हे गीत मुद्दाम करवून घेतले. त्यात कोणा राणीचे नाव नाही, कोणा बंडाचा उल्लेख नाही. गीत सुमार आहे, असे खुद्द पुष्कळ आयरिश माणसे म्हणतात. दक्षिणेतले काही म्हणतात, आमचे राष्ट्रगीत असताना हे कशाला? तरी परदेशात तेवढेच एक वाजते आणि डब्लिनमध्ये दोन्ही वाजतात. सगळ्यांना थोडेथोडे नावडणारे गाणे! एकाला फार आवडणारे आणि दुसऱ्याच्या घशाखाली न उतरणारे गाणे निवडणे सोपे असते, ते कोणीही करतो.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ ठरेल. काही वर्षांपूर्वी आमची मराठी शाळा आणि शेजारची कन्नड शाळा यांतून मुलींचा एक संयुक्त खो-खो संघ वरच्या स्पर्धेसाठी निवडला गेला. बारा मुली, त्यांत पाच आमच्या. एका सद्गृहस्थांनी बनियनी करून देण्याचे कबूल केले आणि छापायचे काय, असे मला विचारले. मी कामात होतो. म्हटले, "काहीही छापा, चालेल." बनियनी आल्या, त्यांवर एकाच शाळेचे नाव, एकाच लिपीत. आमची एक मुलगी ऑफिसच्या दाराशी येऊन म्हणाली, "सर, आमच्या शाळेचं नाव कुठं हाय?" मी म्हणालो, "खेळात असलं काही मनात आणू नये, बाळ. विसरून जा." अगदी प्रमुख पाहुण्यांच्या आवाजात म्हणालो. मुली खेळल्या. दुसऱ्या फेरीत हरल्या, त्याचे काही नाही. पुढल्या वर्षी निवडीला आमची एकही मुलगी गेली नाही. क्रीडाशिक्षकांनी कारणे सांगितली, कोणाचा क्लास, कोणाची सुगी. मी मान डोलावली. चूक शेजारच्या शाळेची नव्हती, सद्गृहस्थांची नव्हती. दोन ओळी लिहून द्यायच्या होत्या, त्या मी दिल्या नाहीत, आणि वर उपदेश दिला.

असो. आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांचाही माझ्यावर रोख असणार. ही मंडळी म्हणतात, "मुख्याध्यापक, तडजोड तडजोड काय करता? हुतात्म्यांच्या जागेवर तडजोड नसते." त्यांना मी डब्लिनच्या क्रोक पार्कवर नेतो. हे मैदान गेलिक खेळांच्या संघटनेचे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी तिथे सामना चालू असताना ब्रिटिशांच्या दलाने गोळीबार केला, चौदा माणसे मेली. टिपररीचा खेळाडू मायकेल होगन मैदानातच पडला. तिथल्या एका प्रेक्षागृहाला त्याचे नाव आहे. संघटनेचा नियम असा कडक, की सभासदाने 'परकीय' खेळ खेळायचा नाही आणि पाहायचाही नाही. डग्लस हाइडने गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचले, तो देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. पण १९३८ साली राष्ट्राध्यक्ष या नात्याने फुटबॉलचा सामना पाहिला म्हणून त्याच संघटनेने त्याला आश्रयदातेपदावरून काढून टाकले. भाषेवर त्याच्याइतके प्रेम कोणाचे होते? पण निष्ठेची मोजपट्टी एकदा मूर्ख माणसाच्या हाती गेली, की ती प्रथम शहाण्याच्याच पाठीवर बसते. ती बंदी १९७१ पर्यंत चालली.

पुढे लॅन्सडाउन रोडची पुनर्बांधणी निघाली आणि रग्बीला मैदान उरले नाही. संघटनेत २००५ साली मतदान झाले, वाद झाले, आणि दोन तृतीयांशांहून अधिक मतांनी क्रोक पार्कचे दार तात्पुरते उघडले. २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा रग्बी संघ तिथे उतरला. म्हणजे १९२० च्या त्या जागेवर ब्रिटनच्या राणीचे गीत वाजणार! बाहेर निदर्शने झाली. 'परकीय खेळ नकोत' असा फलक घेतलेल्या एका निदर्शकाच्या अंगात ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबची जर्सी होती. त्याचे छायाचित्र जगभर गेले. आमच्याकडच्या काही भाषावीरांची मुले कोणत्या माध्यमाच्या शाळेत आहेत, याची मला त्यावरून आठवण झाली. नावे सांगत नाही, झाकली मूठ राहू द्यावी.

आत सुमारे ब्याऐंशी हजार माणसे होती. राणीचे गीत वाजले. एक शिट्टी नाही, एक आरोळी नाही. गीत संपताच टाळ्या. मग आयर्लंडची गीते सुरू झाली आणि जॉन हेज हा बैलाच्या अंगाचा गडी ढसढसा रडू लागला. जेरी फ्लॅनरीचीही तीच अवस्था. त्यानंतर आयर्लंडने इंग्लंडला ४३ विरुद्ध १३ असे चिरडले. शेन होर्गनने उंच उडी मारून दोन्ही हातांनी चेंडू झेलला आणि रेषेपलीकडे टेकवला, तो झेल तर अस्सल गेलिक फुटबॉलचा होता, त्या मैदानाला शोभेसा. त्या क्षणी होगनला कोणी विसरले होते असे वाटते? गीत शांतपणे ऐकून घेणे ही शरणागती होती काय? त्या दिवशी दुबळा कोण होता आणि बलवान कोण, हे मैदानात दिसत होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मताने दार उघडणाऱ्यालाच असे ऐकून घेता येते. बाहेरून कोणी दार फोडून 'आता विसरा' म्हणाले असते, तर त्या शांततेचे काय झाले असते ते मी सांगायला नको.

या संघटनेला देव्हाऱ्यात बसवण्याचाही माझा इरादा नाही. १९८१ साली वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर जाऊ नका, असे आयर्लंडच्या सरकारने सांगितले असताना हीच संघटना 'खेळात राजकारण नको' म्हणत गेली. तेच वाक्य! टोनी वॉर्ड, ह्यूगो मॅकनील, डोनल स्प्रिंग आणि मॉस कीन यांनी जाण्यास नकार दिला. आपल्या अंगणातला प्रत्येक खळगा ज्यांना ठाऊक होता, त्यांना दुसऱ्याच्या अंगणातली दरी दिसली नाही. हे वाक्य कोणाच्या तोंडी आले की माझे कान टवकारतात, ते उगाच नव्हे.

शेवटी पुन्हा बेलफास्ट. २४ ऑगस्ट २००७ रोजी, त्रेपन्न वर्षांनी, आयर्लंडचा संघ रेव्हनहिलवर इटलीविरुद्ध खेळला. लोक आनंदले. पण लगेच उत्तरेतल्या ब्रिटननिष्ठांनी विचारले: डब्लिनला सामना असतो तेव्हा तिथले राष्ट्रगीत वाजते, मग बेलफास्टला सामना असताना इथले का वाजत नाही? इथे 'आयर्लंड्स कॉल' तेवढेच का? माझी सहानुभूती जन्मभर दक्षिणेकडे राहिली आहे, वाचकांनी ती एव्हाना ओळखलीही असेल. तरी मला हा प्रश्न रास्त वाटतो, आणि संघटनेकडे त्याला सरळ उत्तर होते असे वाटत नाही. १९५४ मध्ये अकरा जणांनी जे विचारले, तेच २००७ मध्ये उलट बाजूने विचारले गेले. घोंगडे अजून भिजतच आहे. संघ मात्र दर हिवाळ्यात खेळतो आहे, उत्तरेचे गडी दर मोसमात सीमा ओलांडून सरावाला जात आहेत.

प्रमुख पाहुण्यांना यंदाही निमंत्रण गेले आहे, असे कळते. त्यांनी अवश्य यावे. खो-खोच्या मुलींच्या नव्या बनियनी आल्या आहेत, त्यांवर दोन्ही शाळांची नावे दोन्ही लिप्यांत आहेत, आणि मजकूर या खेपेला मी स्वतः लिहून दिला. कन्नड शाळेच्या मुख्याध्यापकांचे म्हणणे, आमच्या नावाची अक्षरे त्यांच्या नावापेक्षा थोडी मोठी पडली आहेत. मोजायला उद्या सकाळी ते पट्टी घेऊन येणार आहेत.